गुलजार ब्रास बँडचे अकरा कोट

"श्वास सोडा," मी म्हणाले.

गुंडाप्पानं आधी माझ्याकडं बघितलं, मग शेजारी उभ्या असलेल्या ऐवळे मास्तरांकडं. "सोडू?"

"सोडा. सगळा सोडा. हं, आता हलू नका."

"मग घ्याचा कवा?"

"मी टेप काढली की घ्या."

गुंडाप्पा हा गुलजार ब्रास बँडचा युफोनियमवाला, म्हणजे ते मोठ्या तोंडाचं पितळी वाद्य वाजवणारा. माणूस दारातून आत येताना दुकानात अंधार व्हायचा, एवढा मोठा. पण सांगितल्याप्रमाणे त्यानं मुकाट्यानं सगळा श्वास सोडला आणि माझ्यासमोर उभ्याउभ्या निम्मा झाला. मी टेप ओढून घेतली. छाती चाळीस. वहीत लिहिलं, तारीख घातली, खाली रेघ मारली.

"ताई, एक बोलू का?" ऐवळे मास्तर म्हणाले. ते बँडचे प्रमुख, स्वतः क्लॅरनेट वाजवायचे. "अण्णा तर आमाला वाजवाय लावत्यात. म्हनून वाद्यं घिऊन आलोय."

अकराच्या अकरा माणसं खरोखरच वाद्यं घेऊन आली होती. ते आत येताच मी ती सगळी बाहेर पायरीवर ठेवायला लावली होती. मला वाटलं, दुकानाच्या म्हाताऱ्या मालकाला, अण्णांना, फुकटात गाणी ऐकायची हौस दिसते.

"मास्तर, कोट तुम्हाला शिवायचाय ना? वाद्याला नाही," मी म्हणाले.

"ते बी खरंच," ऐवळे मास्तर म्हणाले. पुण्याच्या कॉलेजातली मुलगी म्हटल्यावर लोक तेव्हा माझं काहीही ऐकून घ्यायचे. त्यात त्यांचा दोष नव्हता, मी तशी टेप गळ्यात घालून फिरत होते.

मी तेव्हा पुण्यात फॅशनची पदवी करत होते, दुसऱ्या वर्षाला होते. त्या वर्षी सहा आठवडे प्रत्यक्ष कामावर जायचं असे, त्याला प्लेसमेंट म्हणत. वर्गातल्या मुली मुंबईच्या बड्या डिझायनरांकडे गेल्या होत्या. माझीही पुण्यातल्या एका बुटीकमध्ये सोय झाली होती. तिथं चौथ्या दिवशी मी टिकल्यांच्या घागऱ्यावर गरम इस्त्री फिरवली. टिकल्या वितळून इस्त्रीला चिकटल्या, इस्त्री घागऱ्याला चिकटली आणि मालकीणबाईंनी मला प्रेमानं घरी पाठवलं. वर्गात ही बातमी माझ्या आधी पोचली. मग मिरजेच्या आत्यानं तिच्या गल्लीतल्या माळवदे टेलर्सकडं शब्द टाकला आणि मी सहा आठवड्यांसाठी मिरजेला येऊन पडले. डिझायनरऐवजी बँडवाल्यांचे कोट शिवणारा शिंपी, हे मी मैत्रिणींना कळवलंच नाही. 'पारंपरिक वेशभूषेच्या एका कार्यशाळेत आहे' असं कळवलं.

आमच्या कामत मॅडमचा नियम कडक होता. शेवटी मालकानं एक फॉर्म भरून, सही-शिक्का मारून द्यायचा. त्यात हजेरी, शिवण, काटछाट, मापं घेणं असे रकाने. एकाही रकान्यात नापास आलं, तर प्लेसमेंट धरत नसत. निकाल राखून ठेवत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ती सगळी पुन्हा करावी लागे. माझ्या नावावर एक वितळलेला घागरा आधीच होता. दुसरी चूक मला परवडणारी नव्हती.

आता दुकानाचे मालक, रघुनाथ माळवदे, म्हणजेच अण्णा, त्या दिवशी कुठं होते? ते बेळगावला लेकीच्या बाळंतपणाला गेले होते. जाताना मला म्हणाले होते, "नुसतं बसून ऱ्हा. आलंगेलं बघ. ऐवळ्यांची पोरं आली तर थांबव, म्हणावं अण्णा परवा येत्यात." मी थांबवलं नाही. तुळशीचं लग्न तोंडावर आलं होतं, लगेच लग्नसराई, कोट पंधरा दिवसांत हवे होते आणि मला माझी अक्कल पाजळायची होती. अण्णा एका माणसाची पाच मापं घेत. मी चौदा चौदा घेतली. मनगटाचं वेगळं, दंडाचं वेगळं. झांज वाजवणाऱ्या इलाहीच्या तर मी मानेपासून खांद्यापर्यंतचा उतारही मोजला. तो बिचारा गुदगुल्या होतात म्हणून हसत होता.

तिसऱ्या दिवशी अण्णा आले. नातवाचे पेढे वाटून झाल्यावर त्यांनी वही उघडली, चष्मा वर केला, खाली केला.

"मापं घेतलीस?"

"चौदा चौदा घेतली, अण्णा."

"चौदा!" अण्णांनी मान डोलावली. बोट फिरवत फिरवत ते गुंडाप्पापाशी थांबले. "छाती चाळीस? गुंडाप्पाची?"

"दोनदा मोजली."

अण्णांनी तो आकडा पुन्हा वाचला. मग त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी दिसली. "वाळला म्हणायचा की गं. साखर बिकर निघाली असंल." त्यांनी पुढचं पान उलटलं. "अगं, ऐवळ्याबी वाळलाय. आणि ह्यो ट्रंपेटवाला. समदा बँडच वाळलाय." पान मिटून ते हळहळले. "चार म्हैने लगीन न्हाई, वरात न्हाई. वाजवायचं बंद पडलं की मानूस उतरतोय बघ."

एवढं बोलून त्यांनी डाळिंबी कापडाचा तागा पसरला. दुकानाची पद्धत अशी होती, की ज्यानं माप घेतलं त्याच्याच आकड्यावर कापायचं, दुसऱ्यानं त्यात हात घालायचा नाही. आणि अकरा माणसांचा रोजगार बुडवून त्यांना दुसऱ्यांदा मापाला बोलवायचं, हे अण्णांना पटणारं नव्हतं. दुपारी मात्र त्यांनी गुंडाप्पाच्या घरी बेळगावचे पेढे पाठवायचं रद्द केलं आणि त्याऐवजी मेथीची जुडी पाठवली.

कोट मात्र झाले देखणे! मी अण्णांच्या मागं लागून कमर आवळून बसावी म्हणून टक्स घ्यायला लावले, बगला उंच घेतल्या, आणि आतली शिवण उलगडून कुणी बघितलीच तर वाहवा करावी म्हणून माया सगळीकडं पाव इंचावर कापून टाकली. शिवणीच्या आत राखून ठेवलेलं ते जास्तीचं कापड मला गबाळं वाटायचं. अण्णांचा एक कारागीर म्हणाला, "ऱ्हाऊ दे की, उद्या सोडायला लागतंय." मी म्हणाले, "माप बरोबर असलं की सोडायला लागत नाही." तो हसला आणि पुढच्या कोटाला वळला.

बँडवाले कोट घालून बघायला आले, तेव्हा गल्ली गोळा झाली. डाळिंबी रंग, छातीवर सोनेरी जर, सात सात पितळी बटणं. ऐवळे मास्तर आरशासमोरून हलेनात. गुंडाप्पा ताठ उभा होता, कारण त्या कोटात दुसऱ्या कशाही पद्धतीनं उभं राहता येत नव्हतं. पण ते तेव्हा आम्हाला रुबाबदार वाटलं. मी फोटो काढले. आत्या म्हणाली, "अगदी लष्करातले वाटतायत." अण्णांनी मला सगळ्यांसमोर शाबासकी दिली आणि माझी मान चार दिवस खाली आली नाही.

कोटांची पहिली वरात एका वखारवाल्याच्या मुलाच्या लग्नाची होती. दुपारी चारला नवरदेव मारुतीच्या देवळातून निघणार, गोरज मुहूर्तावर मंडपात. अण्णा परीटघडीचा सदरा आणि टोपी घालून खास कोट बघायला आले होते. मी कॉलेजच्या अहवालासाठी फोटो काढायला आले होते. नवरदेव घोड्यावर, पुढं अकरा डाळिंबी कोट दोन रांगांत. उन्हात बटणं अशी चमकत होती, की मला भरून आलं. मनात म्हटलं, कामत मॅडमनी बघायला हवं होतं.

ऐवळे मास्तरांनी क्लॅरनेट ओठांना लावलं, मान हलवली. सगळ्यांनी एकदम श्वास घेतला.

म्हणजे घ्यायला गेले. श्वास अर्ध्या वाटेत अडकला. आरतीची चाल सुरू झाली आणि दुसऱ्याच सुराला संपली. पुन्हा दोन सूर, पुन्हा शांतता. ऐवळे मास्तरांचे डोळे पांढरे झाले. त्यांनी डाव्या हातानं खूण केली, हळू वाजवा. मग बँड कसाबसा वाजू लागला, पण आजारी माणसाच्या खोलीत बोलावं तसा.

नवरदेवाचे मामा गुलाबी फेटा बांधून सगळ्यात पुढं होते. ते दोन मिनिटं कान देऊन उभे राहिले. "अहो मास्तर," ते म्हणाले, "वाजवताय का कानात सांगताय?"

"नवीन चाल हाय, मामा," ऐवळे मास्तर म्हणाले.

"चाल ऱ्हाऊ दे. आवाज काढा. माझी भाचेसून तिकडं मंडपात बसलीय, तिला ऐकू गेलं पायजे. ए पैलवान, तू! ते एवढं मोठं घेतलंयस, ते काय पानी भराय?"

हे गुंडाप्पाला होतं. गुंडाप्पानं मास्तरांकडं बघितलं. मास्तरांनी आभाळाकडं बघितलं. मग गुंडाप्पानं माझ्याकडं बघितलं, अगदी क्षमा मागितल्यासारखं, आणि छाती भरून श्वास घेतला.

पहिलं बटण उडालं ते थेट मामांच्या फेट्याच्या तुऱ्यात जाऊन बसलं. मामांना ते कळलंही नाही, लग्नभर ते तसंच फेट्यात घेऊन फिरले. दुसरं युफोनियमच्या तोंडात पडून खणकन वाजलं. तिसरं कुठं गेलं ते कुणालाच माहीत नाही. गुंडाप्पाचा आवाज मात्र असा लागला की बाकीच्यांनाही राहवलं नाही. एकदा सूर सापडल्यावर वाजवणारा माणूस बटणाचा विचार करत नाही. ट्रंपेटवाल्यांची बटणं गेली, ऐवळे मास्तरांची गेली, वऱ्हाडातली पोरं गोळा करायला धावली. आणि इलाहीनं झांजा आपटण्यासाठी दोन्ही हात फाकवले मात्र, पाठीतून कोट कॉलरपासून कमरेपर्यंत फाटला. त्या उंच बगला माझ्या होत्या. सगळ्या वरातीत शांत असा एक घोडाच होता. तो बटणांचा वर्षाव बघत शेपूट हलवत उभा राहिला.

वाजवणं थांबलं. अण्णा माझ्याजवळ आले. टोपी काढून हातात घेतली होती.

"पोरी, वाजवाय लावून मापं घेतलीस न्हवं?"

"नाही."

"वाद्यं आणली न्हवती का त्यांनी?"

"पायरीवर ठेवायला लावली."

अण्णांनी कपाळावर हात मारला. "अगं, फुंकून वाजवणारा मानूस गप उभा आसताना कवा मोजत्यात काय? तो वाजवाय लागला की मोजायचा! गुंडाप्पाची छाती पाच इंच फुगती. आणि मी आपला त्याला मेथी पाठवतोय."

मला रडू येत होतं, पण रडायला वेळ नव्हता. मामा घड्याळ बघत होते. अण्णांनी एक कोट उलटा करून शिवण तपासली. माया पाव इंच. सोडायला सुतभर कापड नव्हतं. अण्णांनी कोट पुन्हा सुलटा केला.

"पाठीत कापू," मी म्हणाले. "कॉलरपासून खाली. इलाहीचा फाटलाय तसा. मग पुढून बसतील, श्वासही घेता येईल."

"कापणार कोण?" अण्णांनी विचारलं.

"मी."

अण्णांच्या पिशवीत कात्री कायम असे. देवळामागच्या पारावर अकरा जणांना पाठमोरं उभं केलं. पहिला गुंडाप्पा. त्या कोटाच्या पाठीवरची शिवण मी स्वतः मारली होती, दोन दिवस लागले होते. कात्री लावली आणि चर्र असा आवाज झाला. मला तो अजून ऐकू येतो. पण एक कापल्यावर दुसरा कापवला, आणि दहावा झाला तोवर माझा हात सरावला होता. अकराव्याचं काम इलाहीनं आधीच करून ठेवलं होतं.

आता पुढून बटणं नव्हती. आत्याही लग्नाला आली होती. तिनं पदर खोचला आणि वऱ्हाडातल्या बायकांमध्ये घुसली. "बायांनो, हात पुढं करा!" प्रत्येकीच्या बांगडीत एक-दोन सेफ्टी पिना असतातच. पाच मिनिटांत आत्या ओंजळभर पिना घेऊन आली. आम्ही कोट पुढून टाचले. जरीत पिना लपल्या. पुढून बघितलं तर कोट जसेच्या तसे.

"ताई," गुंडाप्पा कुजबुजला, "मागनं वारं लागतंय."

मी मागं गेले. गुंडाप्पानं आत बनियन घातलं नव्हतं.

"कोट इतका फिट हुता," तो म्हणाला, "बनियन बसंना झालं."

बाकीच्यांनी घातली होती, पण ती न घातलेली बरी अशी. आणि वरातीत बँड पुढं असतो. सगळं वऱ्हाड बँडची पाठच बघत चालतं. हे माझ्या लक्षात आलं ते सगळे कोट कापून झाल्यावर.

ऐवळे मास्तर विचार करत उभे होते. मग त्यांनी क्लॅरनेट झटकलं. "पाठ दाखवायचीच न्हाई," ते म्हणाले. "फिरा रं समदे."

आणि गुलजार ब्रास बँड नवरदेवाकडं तोंड करून उभा राहिला. ऐवळ्यांनी मान हलवली, अकरा छात्या पूर्ण भरल्या, आणि आरतीची चाल अशी उठली की देवळातली घंटा थरथरली. बँड वाजवत वाजवत उलट्या पावलांनी मंडपाकडं निघाला.

त्यांना मागचं दिसत नव्हतं, म्हणून अण्णा त्यांच्या मागं, म्हणजे सगळ्यात पुढं, चालत होते. टोपी खिशात घालून ट्रक मागं घेणाऱ्या क्लीनरसारखे ओरडत होते. "येऊ द्या! येऊ द्या! खड्डा हाय, डावीकडनं! गुंडाप्पा, शेण! आता सरळ!" मी बाजूनं पळत होते, कुणाची पिन सुटली की लावत होते. पानपट्टीपाशी समोरून येणारी एक म्हैसदेखील अण्णांनी बाजूला केली.

मामा चकित होऊन बघत राहिले. अर्ध्या वाटेत त्यांनी हात जोडले. ते शेजारच्या पाहुण्यांना म्हणाले, "बघा. नवरदेवाला पाठ दाखवायची न्हाई म्हणून उलटं चालत्यात. एवढा मान आमच्या घराण्यात कुणाला न्हाई मिळाला." मंडपाच्या दारात त्यांनी ऐवळे मास्तरांना शाल पांघरली. मास्तर ती पाठीवरनं काढायलाच तयार नव्हते.

दुसऱ्या दिवशी माझे सहा आठवडे पुरे झाले. दुपारी तीनची गाडी होती. मी फॉर्म काढला. तो इंग्रजीत होता आणि अण्णांना इंग्रजी येत नव्हतं. म्हणून मी वाचायचं, अण्णांनी सांगायचं, मी खूण करायची आणि शेवटी त्यांनी सही करायची असं ठरलं. प्रत्येक रकान्यात तीन शब्द होते. मी मराठीत सांगताना त्यांचं उत्तम, ठीक आणि नापास असं केलं.

"हजेरी?"

"उत्तम. एक दिस चुकली न्हाईस."

"शिवण?"

"ठीक. हात हलका हाय, सरळ जाती."

"काटछाट?"

अण्णांना हसू आलं. "उत्तम लिही. काल बघितली की."

"मापं घेणं?"

अण्णांनी चष्मा काढून पुसला. बाहेर कारागिराचं मशीन चालू होतं. मी पेन धरून बसले होते. मला वाटलं, ठीक म्हणतील. काल सगळं निभावलं, मामांनी शाल दिली, ठीक म्हणायला काय हरकत आहे?

"नापास," अण्णा म्हणाले.

"अण्णा, एकाही रकान्यात नापास आलं तर माझा निकाल अडकतो. सगळं पुन्हा करावं लागतं. उन्हाळ्यात."

"मग?"

"म्हणजे सहाच्या सहा आठवडे."

"व्हय. पण मापं न्हाई आली गं तुला अजून," अण्णा समजावून सांगावं तसं म्हणाले. त्यांना राग नव्हता, हेच मला सहन होईना. "तू हुशार हाईस. खोटं लिहिलं तर तुझंच वाईट."

मी फॉर्मवर वाकले. तीन चौकटी होत्या. त्यांतल्या शेवटच्या चौकटीवर पेन नेलं. मग पहिल्या चौकटीवर नेलं, आणि खूण केली. उत्तम.

"लिहिलंस?"

"लिहिलं."

अण्णांनी चष्मा लावून, जीभ किंचित बाहेर काढून, माळवदे अशी सही केली. शिक्का फुंकर मारून उठवला. मी फॉर्म घडी करत होते तेव्हा ते म्हणाले, "उन्हाळ्यात दुसरीकडं कुठं जाऊ नगंस. हिथंच ये. एप्रिल-मे बँडवाल्यांची रीघ असती. सा आठवड्यांत तुला तयार करतो. खिडकीपाशी तुझ्यासाठी स्टूल करून ठेवतो, उजेड चांगला येतोय तिथं."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? गाडीत बसल्यावर सांगलीपर्यंत मला हायसं वाटलं. किर्लोस्करवाडीनंतर वाटेनासं झालं.

पुण्यात कामत मॅडमनी माझा फॉर्म वर्गात वाचून दाखवला. मापं घेणं उत्तम असलेली मी वर्गात एकटीच निघाले. मार्चमध्ये मॅडमनी बोलावून सांगितलं, की मुंबईच्या एका नावाजलेल्या डिझायनरला उन्हाळ्यापुरती एक मुलगी हवी आहे, मापं पक्की असलेली, आणि त्यांनी माझं नाव सुचवलं आहे. मैत्रिणी माझ्याकडं ज्या नजरेनं बघायला लागल्या, ती नजर मी दोन वर्षं शोधत होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पुन्हा पुन्हा एकच गोष्ट डोळ्यांसमोर येत होती. अण्णा सुताराकडून स्टूल करून घेत असतील.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना सांगितलं, मला मुंबईला जाता येणार नाही, मिरजेला काम आहे. "तुझी प्लेसमेंट तर पूर्ण झालीय," त्या म्हणाल्या. मी म्हणाले, "थोडी राहिलीय." त्यांना ते कळलं नाही, आणि मी कळू दिलं नाही. मैत्रिणींनी मला वेड्यात काढलं.

एप्रिलच्या दहा तारखेला मी माळवदे टेलर्सची पायरी चढले. स्टूल खिडकीपाशी होतं. अण्णा म्हणाले, "आलीस? बरं झालं. निकाल लई दिस अडकला न्हाई का?" मी मान खाली घालून टेप उचलली.

ते सहा आठवडे माझ्या कानांनी जन्मभर लक्षात ठेवले आहेत. बँडवाले येत, मी टेप लावे आणि ते माझ्या डोक्यापासून वीतभर अंतरावर वाजवत. अण्णा शेजारी उभे राहून सांगत. "आता नगं, अजून भरतोय. थांब. हं, आता लाव." ट्रंपेटवाल्याचा गळा फुगतो, म्हणून कॉलर त्याप्रमाणे. क्लॅरनेटवाल्याचे खांदे वर जातात. झांजवाल्याची पाठ मोजायची ती हात फाकवून. ढोलवाल्याचं पोट ढोलाचा पट्टा बांधून मोजायचं, नाहीतर खालची दोन बटणं फुकट. मी लिहून घेतलं आणि मग लिहिणं सोडून दिलं, कारण हाताला कळायला लागलं. गुलजारचे अकरा नवे कोट आम्ही त्याच महिन्यात शिवले. कापलेले अकरा मास्तरांनी जपून ठेवले होते. उलटं चालणाऱ्या बँडला आता मागणी होती आणि त्याला तेच कोट लागत. गुंडाप्पाची छाती वाजवताना साडेपंचेचाळीस भरली. अण्णा म्हणाले, "आता बरं वाटतंय की रं प्रकृतीनं."

अण्णांना मी शेवटपर्यंत खरं सांगितलं नाही. सांगायला दोनदा गेले होते. दोन्ही वेळा त्यांनी मला चहा पाजला, कॉलेजचं विचारलं, आणि मी न सांगताच परत आले. आता अण्णा नाहीत. मी मुंबईत नाटकं-सिनेमांतल्या लोकांचे कपडे करते. माणूस जे काम करतो, ते करत असताना मी त्याचं माप घेते. नटांना मी पळायला लावते, रडायला लावते. लोक हसतात. हे मी कुठून शिकले ते कुणी विचारलं तर मिरजेचं नाव सांगते, आणि तिथंच थांबते.

त्या उन्हाळ्याच्या शेवटच्या दिवशी अण्णांनी आपण होऊन विचारलं, "फॉर्म आणला न्हाईस?"

मी आणला होता. कॉलेजच्या ऑफिसातून एक कोरा मागून घेतला होता. तो कुणालाही द्यायचा नव्हता. मी तो टेबलावर पसरला, पेन काढलं आणि वाचायला लागले. हजेरी उत्तम. शिवण उत्तम. काटछाट उत्तम.

"मापं घेणं?" मी विचारलं.

अण्णांनी मापांची वही ओढून दोन पानं उलटली.

"ठीक," ते म्हणाले.

मी मधल्या चौकटीत खूण केली, अण्णांकडं फॉर्म फिरवला आणि ती खूण त्यांना बोटानं दाखवली.